महाजन गल्लीचं दिवसमोल

महाजन गल्लीतल्या सगळ्या डब्या एकदम गायला लागल्या की समजायचं, आपण पुन्हा एकदा स्वस्त झालो. आधी सनईचा चार सेकंदांचा तुकडा, आणि मग ती पाकात घोळलेल्या आवाजाची बाई: "अभिनंदन! आपल्या परिसरात चांगला दिवस स्वस्त झाला आहे."

स्पृहा बऱ्हाटेला त्या बाईचा गळा दाबावासा वाटे. बाईला गळाच नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"किती झालं गं?" आईनं चुलीपाशून विचारलं.

"अडतीस पॉइंट दोन. काल अडतीस पॉइंट सहा होतं."

आईनं तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उलटली. "मग बरं म्हणायचं का वाईट?"

"आई! हजार वेळा सांगितलं! खाली गेलं की वाईट!"

"अभिनंदन म्हणते ना ती, म्हणून विचारलं."

आता ही डबी काय चीज आहे, ते सांगायला हवं. डबी म्हणजे दिवसमापक. पांढरा, स्विचबोर्डाएवढा, तापीकाठच्या चिंचाटी गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर बसवलेला. वीज, पाणी, हवा हे सगळं तो मोजतोच, त्यात विशेष काही नाही. त्याची खरी करामत पुढे आहे. तो घरभर अगदी क्षीण रेडिओलहरी सोडतो. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात आणि येताना निरोप आणतात, की श्वास कसा चाललाय, नाडी कशी उडतेय. त्यावरून यंत्राला कळतं की हे माणूस दमलंय, घाबरलंय, की पोट धरून हसतंय. तुम्ही काय काय विकत घेतलंत, ते मोबाइलच्या पेमेंटवरून कळतंच. या सगळ्यातून ते एकच गणित सोडवतं. या गल्लीत माणसाला एक चांगला दिवस मिळायला किती खर्च येतो? पोटभर जेवण, स्वच्छ पाणी, निवांत झोप, थोडं हसू, बस. त्या उत्तराचं नाव दिवसमोल. मुंबईचं शंभर धरतात. पुण्याचं ऐंशी. आणि महाजन गल्लीचं, बघा, अडतीस पॉइंट दोन.

कल्पना वाईट नव्हती हो. जिथं दिवस महाग तिथं पगार जास्त, जिथं स्वस्त तिथं कमी, म्हणजे चांगला दिवस सगळ्यांच्या वाट्याला सारखाच. स्पृहा लहान असताना हे सुरू झालं, तेव्हा गावात पेढे वाटले होते. पण मग आला दुपटीचा नियम. त्याआधी स्वस्त गावातली माणसं महाग शहरात जायची आणि एका खोलीत बाराजण राहायची. तसं पुन्हा होऊ नये म्हणून ठरलं, की आपल्या जागेच्या दुपटीहून महाग जागी कुणी राहायला जायचं नाही. गेलात तरी भाडेकरार होत नाही, वसतिगृहाचं कुलूप तुमच्या बोटाला दाद देत नाही. आणि नकार तरी किती गोड! "आपला दिवस बिघडू नये, म्हणून आपला अर्ज थांबवला आहे." ज्याच्यावर चिडावं असा माणूसच समोर नाही. नुसती काळजीच काळजी, चहूबाजूंनी.

आणि स्पृहाला तर जायचंच होतं! पुण्याच्या एका निवासी यंत्रशाळेत अकरावीपासून सेन्सर बनवायला शिकवत. साडेचार हजार मुलांतून साठ निवडली, त्यात ती एकोणिसावी. डब्या उघडून आत काय असतं, त्या कशावर भाळतात आणि कशाला चुकतात, हे तिला आतून बघायचं होतं. तिला त्या बाईची बोलतीच बंद करायची होती म्हणा ना! फक्त एकतीस मेच्या संध्याकाळी सहा वाजता गल्लीचं दिवसमोल चाळीस हवं होतं. पुण्याच्या बरोबर निम्मं. चाळीस किंवा वर.

हातात होता सव्वा महिना.

स्पृहानं आलेखाचे कागद आणले आणि पाच वर्षांचे आकडे मांडले. मार्चपर्यंत रेघ हळूहळू चढायची, आणि एप्रिलच्या मध्यावर धाडकन खाली. दर वर्षी! मे संपेपर्यंत मोठा खड्डा. ऊन म्हणावं, तर उन्हात कूलर चालतात, खर्च वाढतो, आकडा वर जायला हवा. मग हा खड्डा कसला?

उत्तर तिला मथुराआत्यांच्या गच्चीवर सापडलं.

मथुराआत्या म्हणजे समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई. त्या अख्ख्या गल्लीच्या आत्या होत्या, खऱ्या कुणाच्या ते कुणी विचारत नसे. त्यांच्या गच्चीवर बिबडे चालले होते. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. तीन दिवस भिजवलेली ज्वारी वाटायची, तीळ-मिरची-लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि तो घाटा चटके बसतात इतका गरम असतानाच ओल्या पातळावर, म्हणजे जुन्या साडीवर, थापायचा. निवला की संपलं, बिबडा फुटतो. म्हणून हे काम एकटीचं नाही. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. एक ढवळते, सहाजणी थापतात, आणि सातवी, म्हणजे शेजारच्या कुमुदवहिनी, सगळ्यांना हसवतात.

"हेमलताबाई, तुमचे बिबडे तालुक्याच्या नकाशासारखे येऊ राहिले!" वहिनी स्पृहाच्या आईला म्हणाल्या, आणि तिच्यासकट सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या.

स्पृहाचा हात घाट्यातच थांबला. वर्षाचं खाणं, जवळजवळ बिनखर्चाचं. दिवसभर माणसांची सोबत, तीही फुकट. सगळ्यांची नाडी शांत. डबीला कुठं ठाऊक, की हे कुणीतरी कुणासाठी करतंय? तिच्या लेखी जे विकत घ्यावं लागत नाही, ते वाऱ्यासारखं इथं आपसूक मिळतं. म्हणजे इथं चांगला दिवस स्वस्त. म्हणजे पगार कमी. म्हणजे पुणे बंद!

"माय व!" ती किंचाळली. "तो खड्डा म्हणजे आपण आहोत!"

त्याच संध्याकाळी तिनं बायकांना ओट्यावर बसवून आलेख दाखवला. कुमुदवहिनींनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून.

"म्हणजे आम्ही हसलो की तुझी शाळा बुडते?"

"हसलात म्हणून नाही वहिनी. एकमेकींच्या घरी जाऊन फुकट कामं करता आणि वर हसता, म्हणून."

"मग पैसे घेऊन हसू. मी दर लावते."

"चालत नाही. पलीकडच्या एका गावानं तेच केलं होतं. एकमेकींना भाकरीचे पैसे द्यायच्या. तेच पैसे गोल फिरतायत हे यंत्राला दोन दिवसांत कळलं. अख्ख्या गावाचे अर्ज वर्षभर गोठवले."

"कार्टं हुशार आहे," वहिनींनी डबीकडे बघत कबूल केलं.

आईला पोरगी जायलाही हवी होती आणि जायलाही नको होती, आणि या दोन्ही गोष्टी तिच्या चेहऱ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. शेवटी बोलल्या त्या मथुराआत्या.

"सव्वा महिना ना? त्यात काय मोठंसं? आपापली दारं लावून बसू. बिबडे बाजारातून आणा यंदा. पोरगी जाईल तर गल्लीतलं एक तरी माणूस ही डबी आतून बघून येईल."

स्पृहानं त्यांना अशी मिठी मारली की आत्यांचा चष्मा वाकला.

आणि दारं लागली.

आकडा चढायला लागला! अडतीस पॉइंट नऊ. एकोणचाळीस. कुणी कुणाकडे ताक मागायला जाईना, पिशवी विकत आणली. कुणी कुणाचं लेकरू सांभाळेना, पाळणाघर लावलं. स्पृहा रोज सकाळी आलेखावर टिंब काढी आणि एक गिरकी घेई. रेघ पहिल्यांदाच मे महिन्यात वर चालली होती, आणि ती तिनं चालवली होती. सोळा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं?

फक्त गल्ली विचित्र झाली होती. दुपारी पंख्यांचा आवाज तेवढा यायचा. कुमुदवहिनी एकदा गेटपाशी दिसल्या. काहीतरी भन्नाट ओठांवर आलं असावं, कारण त्यांचे डोळे चमकले, पण त्यांनी ते गिळलं आणि आत गेल्या. मथुराआत्या खिडकीत बसून हात हलवत. स्पृहाही हलवी. हात हलवण्याचा आकड्यावर परिणाम होत नाही, हे तिनं तपासून घेतलं होतं.

"तुला बरं वाटतंय का गं हे?" आईनं एकदा विचारलं.

"आई, सदतीस दिवसांचा प्रश्न आहे. मी काय जन्मभर सांगतेय?"

"जन्मभर नाही. मी विचारलं, बरं वाटतंय का."

स्पृहानं आलेखाचा कागद पुढे ओढला.

सत्तावीस मेला आकडा एकोणचाळीस पॉइंट सातवर येऊन अडला. अठ्ठावीसलाही तिथंच. काही केल्या हलेना. त्या दुपारी कुमुदवहिनींना दिसलं, की मथुराआत्यांच्या दाराखालून पाणी वाहत गल्लीत आलंय. त्यांनी हाका मारल्या, त्या ऐकून स्पृहाही धावत आली, मग दोघींनी दार ढकललं.

आत्या मोरीत बसल्या होत्या. नळ सुरू, आणि दोन्ही हात त्याच्या धारेखाली. तळवे सोलून निघाले होते. मागे चुलीजवळ घाट्याचं पातेलं कलंडलेलं होतं, आणि जमिनीवर अंथरलेल्या जुन्या पातळावर बिबडे थापलेले होते. पाचच.

"दोन तास झाले म्हणता, अन् अशाच बसलात? हाक मारायची ना!" वहिनी रडायलाच लागल्या.

"हाक मारली असती तर आला असतात तुम्ही सगळ्या," आत्या म्हणाल्या. "पोरीचा आकडा पडला असता."

"अन् हे बिबडे कशाला घातले एकटीनं?"

आत्यांनी स्पृहाकडे बघितलं, आणि चोरी पकडल्यासारख्या हसल्या. "पुण्याला बाजारचे नेशील का तू?"

रुग्णवाहिका आली. आत्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहानं आकडा बघितला. चाळीस पॉइंट तीन.

आधी ती नाचली. हे लपवण्यात अर्थ नाही. पलंगावर चढली, दोन्ही हात वर करून नाचली, आणि मग खाली बसून डबीच्या पडद्यावरचं 'वाढीची कारणं' उघडलं. रुग्णवाहिका. जळिताची मलमपट्टी. पगारी परिचारिका. वेदना. भीती. डबीनं सगळं अगदी चोख मोजलं होतं. महाजन गल्लीत चांगला दिवस आता महाग झाला होता, कारण एका म्हातारीचे हात भाजले होते आणि ते कुणाला दोन तास कळलं नव्हतं.

चाळीसच्या वरचे ते तीन दशांश कुठून आले, हे तिनं आईला सांगितलं नाही. बॅग भरली. बॅगेत कपड्यांवर ते पाच बिबडे ठेवले, वर्तमानपत्रात गुंडाळून. मग काढले. मग पुन्हा ठेवले.

त्याच संध्याकाळी आत्या घरी आल्या, कोपरापर्यंत बँडेज. दवाखान्यानं परिचारिका दिली होती, सकाळ-संध्याकाळ भरवायला, औषध द्यायला. आई तरी दारापर्यंत गेलीच.

"हेमलता, आत येऊ नको," आत्या आतून ओरडल्या. "बाई आहे माझ्याकडे. पगारी आहे!"

एकतीस तारीख उजाडली ती कडक उन्हाची. आकडा चाळीस पॉइंट एक. बाबा केळीच्या पॅकहाऊसवरून अर्धी रजा घेऊन लवकर यायचे होते, सहा वाजता सगळ्यांनी मिळून पडदा बघायचा होता. दुपारी एकच्या सुमारास स्पृहानं समोर बघितलं. खिडकीत आत्या नव्हत्या. काल होत्या का? काल सकाळी होत्या. संध्याकाळी? तिला आठवेना. इतके दिवस टिंबं काढण्यात आपण माणसं बघायची विसरलो, असं तिला टोचलं.

ती रस्ता ओलांडून गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत्या खाटेवर होत्या. पाण्याचा तांब्या जमिनीवर आडवा पडलेला, सुकलेला. चुलीशेजारी खानावळीतून आलेला आजचा डबा, झाकण न उघडलेला.

"आत्या, नर्सताई कुठंय?"

"गेली काल सकाळीच. तिच्या घरी कुणी आजारी पडलं. उद्या दुसरी येणारे."

"काल सकाळी? मग जेवलात कशा तुम्ही?"

आत्या भिंतीकडे वळल्या. "भूक नव्हती."

"अन् गोळ्या?"

"उद्या घेईन ना. तू जा व, उगीच उभी राहू नको इथं. मोजतंय ते."

स्पृहानं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि दचकून मागे घेतला. ताप रटरटत होता. बँडेजाला वास येत होता. तिनं घाईघाईनं डबा उघडला, भात कालवला, आणि घास त्यांच्या ओठांपाशी नेला.

आत्यांनी तोंड मिटून घेतलं. लहान मूल मिटतं तसं, घट्ट.

"आत्या, खा ना!"

मान हलली. नाही. मग ओठ जेमतेम उघडून त्या पुटपुटल्या, "सहानंतर ये. पाच तासांचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य कुठंतरी ऐकलंय, असं स्पृहाला वाटलं. कुठं म्हणजे? तिनंच तर आईला ऐकवलं होतं, फक्त आकडा वेगळा होता.

तिनं भिंतीकडे बघितलं. चाळीस पॉइंट एक. दार लावून, गुपचूप, एकटीनं दोन घास भरवले तर कदाचित निभावेल. डॉक्टर गावात नव्हता, रुग्णवाहिकेचा फोन लागत नव्हता. दुसरी नर्स उद्या. पण या बाईंना उचलून बसवायला हवं, अंग पुसायला हवं, बँडेज बदलायला हवं, कुणीतरी त्यांना दवाखान्यात न्यायला हवं, आणि ते एकटीचं काम नव्हतं. गरम घाट्यासारखंच. एकटीनं करायला गेलं की काय होतं, ते समोर खाटेवर होतं.

आणि हेही तिला लखलखीत दिसत होतं, की या डबीचं डोकं ठिकाणावर आणायचं तर पुण्याला जाणं भाग आहे. पुण्याला जायचं तर हे दार लावणं भाग आहे. आणि जी मुलगी हे दार लावून जाईल, ती तिकडून काय बनवून आणेल? आणखी एक डबी!

ती ओट्यावर आली. गल्ली रखरखीत, सगळी दारं बंद. सव्वा महिन्यात पहिल्यांदा तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "आई! कुमुदवहिनी! सगळ्याजणी या! आत्यांना ताप आहे, काल सकाळपासून जेवल्या नाहीत त्या!"

क्षणभर काहीच हललं नाही. मग एक कडी वाजली. मग दुसरी. कुमुदवहिनी तर एका पायात चप्पल घालून धावत आल्या.

"अगं पण तुझे सहा..." आई दारातच अडखळली.

"आई, आधी यांना धर."

मग काय विचारता! एकीनं पाणी तापवलं, एकीनं चादर बदलली, कुणी दवाखान्यात नेऊन आणायला रिक्षा ठरवली, कुणी घरून मुगाची पातळ खिचडी आणली. कुमुदवहिनींनी आत्यांचे केस विंचरत सव्वा महिन्याचं साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "आत्या, एवढा उपास केलात, देव पावला असता, ही डबी काय पावणार?" आत्यांना हसू आवरेना, हसताना तोंड उघडलं, आणि वहिनी ओरडल्या, "स्पृहा, घाल!"

पहिला घास आत गेला. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं की कशाचं, ते यंत्राला तरी कळलं असेल.

भिंतीवरचा आकडा चाळीस झाला. आईनं तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. स्पृहानं बघितला नाही. ती दुसरा घास कालवत होती.

दवाखान्यातून परत आणून पुन्हा भरवायला बसेपर्यंत सहा वाजले. एकोणचाळीस पॉइंट आठ.

तिच्या खिशातला मोबाइल थरथरला. त्यावर काय लिहिलंय, ते तिला न बघताही पाठ होतं. कुणीतरी तिचा दिवस बिघडू नये याची काळजी घेतली होती. घराच्या चार भिंती, गल्लीची दोन टोकं आणि पलीकडे तापीचा पूल, सगळं एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. भाताची दोन शितं आत्यांच्या हनुवटीवर सांडली. तिनं ती बोटानं पुसली.

आणि मग महाजन गल्लीतल्या झाडून सगळ्या डब्या एकदम गायला लागल्या. सनई, चार सेकंद. "अभिनंदन! आपल्या परिसरात चांगला दिवस स्वस्त झाला आहे."

"मेलं गातंय बघ," आत्या कुजबुजल्या. त्यांचे बांधलेले हात तिच्या मनगटावर येऊन टेकले. "पोरी, काय केलंस व हे?"

"गाऊ दे त्याला," स्पृहा म्हणाली. पुढचा घास तयार होता. "आ करा."